ओझोनचा थर: भोक कुठे, कशाने, आणि भरतंय का

मे महिन्यात नसरापूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभं राहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "ओझोनला भोक पडलंय, मग ऊन असंच लागणार." भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतल्या शाळांत १६ सप्टेंबरला ओझोन दिन साजरा होतो, तक्ते लागतात, भाषणं होतात. तरीही ऊन आणि भोक यांची ही जोडगोळी काही सुटत नाही. त्याच्या जोडीला आणखी शंका येतात. हे भोक खरंच माणसाने पाडलं का, की ज्वालामुखींनी? लॉकडाऊनमध्ये ते बुजलं असं वाचलं होतं, मग अजून त्याच्या बातम्या का येतात? हे प्रश्न मला मोलाचे वाटतात. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी, कारखानदारांनी आणि सरकारांनी याच प्रश्नांवर आपसांत जोरदार भांडण केलं आहे, आणि त्या भांडणातूनच उत्तरं निघाली आहेत.

पहिली गाठ आधी सोडवू. उन्हाचा चटका, म्हणजे उष्णता, मुख्यतः दृश्य प्रकाश आणि त्याच्या पलीकडचे अवरक्त किरण आणतात. ओझोन त्यांना जवळजवळ अडवतच नाही. तो अडवतो अतिनील किरण, आणि त्यांतला ज्याची आपल्याला काळजी करायची तो 'ब' प्रकार सूर्याच्या एकूण ऊर्जेत दोन टक्केही नसतो. थर विरळ झाला तर त्वचेचा कर्करोग वाढेल, मोतीबिंदू लवकर येईल, पिकांच्या आणि समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या पेशींना इजा होईल. पण थर्मामीटरचा पारा त्यामुळे चढणार नाही. भोरचा उन्हाळा तापतो आहे तो कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा वायूंमुळे. या दोन विषयांचं एक खरं नातं आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता हा थर आहे कुठे? स्वारगेटहून भोरच्या गाडीत बसून खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत यावं, एवढं अंतर सरळ उभं केलं तर साधारण तितक्या उंचीवर, म्हणजे पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आपल्याकडचा ओझोन सर्वांत दाट असतो. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे. तिथून हा दाट पट्टा आणखी सतरापट दूर. 'थर' म्हटल्यावर डोळ्यांपुढे छप्पर येतं, तसं तिथे काही नसतं. त्या उंचीवरसुद्धा हवेच्या दहा लाख कणांमागे ओझोनचे दहाही कण सापडत नाहीत. जमिनीपासून आकाशापर्यंतचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणला, तर पुण्याच्या आकाशातून निघणारा साठा जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा भरेल. हे मोजमाप डॉबसन एककात सांगतात. अडीच मिलिमीटर म्हणजे २५० डॉबसन.

तो तयार होतो सूर्यप्रकाशानेच. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. तीव्र अतिनील किरण त्यांना तोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या एका रेणूला जाऊन चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन होतो. हा ओझोन पुढे अतिनील किरण शोषून स्वतः फुटतो, पुन्हा जुळतो. इंग्लंडच्या सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये हे चक्र मांडलं. म्हणजे ओझोन सतत बनतो आणि सतत मोडतो. आपल्याला दिसतो तो या दोहोंमधला शिल्लक साठा. बनण्याचा वेग तोच राहून मोडण्याचा वेग थोडा जरी वाढला तरी शिल्लक घटते. पुढचा सगळा वाद समजायला एवढं सूत्र पुरेसं आहे.

इथे एक गोष्ट अनेकांना चक्रावून टाकते. सर्वाधिक ओझोन बनतो उष्ण कटिबंधावर, कारण तिथे सूर्य डोक्यावर असतो. तरी साठा सर्वाधिक असतो तो दूरच्या, थंड अक्षांशांवर. कारण आपल्या डोक्यावरची उंच हवा फार संथपणे वर चढते आणि दोन्ही ध्रुवांकडे सरकत खाली उतरते, आणि जाताना इथला ओझोन घेऊन जाते. म्हणून पुण्याच्या आकाशात वर्षभर २५० ते २८० डॉबसनच्या आसपास ओझोन असतो आणि युरोपात तीनशेच्या वर. त्यातही आपल्याकडे हिवाळ्यात तो कमी असतो आणि उन्हाळ्याकडे वाढतो. बारीक थर आणि डोक्यावरचा सूर्य, यामुळे पुणे परिसरात एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक दहाच्या पुढे जातो. ही आपल्या अक्षांशाची देणगी आहे, शिवकाळातही ती होती. कुठल्याही भोकाशी तिचा संबंध नाही.

मोजतं कोण आणि त्या मोजण्यावर विश्वास का ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्याच्या वाट्याला चांगलं आलं आहे. ज्यांच्या नावाचं हे एकक आहे, त्या डॉबसन यांचं उपकरण सूर्यप्रकाशातल्या दोन जवळजवळच्या तरंगलांबी पकडतं. त्यांतली एक तरंगलांबी ओझोन पुष्कळ शोषतो, दुसरी तो फारशी शोषत नाही. दोहोंच्या तेजातला फरक पाहून वर किती ओझोन आहे ते कळतं. पण आपल्याकडची हवा धुळीची. धूळ आणि धुरकं दोन्ही तरंगलांबी कमी-अधिक अडवतात, मग फरक ओझोनचा की धुळीचा? के. आर. रामनाथन आणि आर. व्ही. करंदीकर या भारतीय शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेतला आणि धूळ-धुरक्याचा डॉबसन उपकरणावर काय परिणाम होतो यावर १९४९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. भोक सापडण्याच्या छत्तीस वर्षं आधी 'हे माप खरं कशावरून' ही शंका आपल्याच माणसांनी घेतली होती, आणि तिचं निरसनही मनावर घेतलं होतं.

पुढे पुण्याच्या हवामान खात्यातल्या उपकरण विभागाने आणखी एक पाऊल टाकलं. अॅना मणी १९४८ मध्ये या विभागात आल्या. १९६० च्या दशकात त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय बनावटीचा ओझोनसोंड तयार झाला. फुग्याला बांधलेलं हे छोटं यंत्र वर जाताना हवा एका द्रावणातून खेचतं. हवेत जितका ओझोन, तितका त्या द्रावणात विजेचा प्रवाह वाहतो, आणि रेडिओवरून आकडा खाली येतो. त्यामुळे एकूण साठाच नव्हे, कोणत्या उंचीवर किती, हेही कळू लागलं. पुण्याहून, दिल्लीहून आणि तिरुवनंतपुरमहून असे फुगे सोडले गेले; पुढे अंटार्क्टिकातल्या भारतीय तळावरूनही. गोव्याहून निघणाऱ्या आपल्या मोहिमांबरोबर ही यंत्रं दक्षिण ध्रुवाच्या भोकाखाली जाऊन पोहोचली.

त्या भोकाची बातमी आली मे १९८५ मध्ये. जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे या तळावर वर्षानुवर्षं डॉबसन उपकरणाने घेतलेली मापं 'नेचर'मध्ये दिली. ऑक्टोबरची सरासरी साधारण ३०० वरून दोनशेच्या आसपास घसरली होती. अमेरिकेचा उपग्रहही वरून मोजत होता, पण त्याच्या संगणकात फार कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला काढले जात होते. जमिनीवरचं जुनं यंत्र आणि वर्षभर तिथे थंडीत राहणारी माणसं यांनी जे धरून ठेवलं, ते मग उपग्रहाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर तिथेही दिसलं. आता २२० डॉबसनपेक्षा कमी ओझोन असलेल्या भागाला भोक म्हणतात. सप्टेंबर २००० मध्ये ते जवळपास तीन कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरलं होतं, भारताच्या नऊपट. आणि ते दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडतं, नंतर बुजतं. आपल्या शाळांत ओझोन दिन साजरा होतो तेव्हा तिकडे भोक सर्वांत मोठं व्हायच्या बेतात असतं.

कारणाचा अंदाज त्याच्याही अकरा वर्षं आधी बांधला गेला होता. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी सांगितलं की फ्रिज, एसी, स्प्रे आणि फोममध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजेच सीएफसी, ओझोनला घातक ठरतील. हे वायू १९३० च्या सुमारास बाजारात आले तेव्हा वरदान वाटले होते. त्याआधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असायचा, गळती झाली तर जीव घेणारा. सीएफसी मात्र जळत नाही, विषारी नाही, कशाशी संयोग पावत नाही. नेमकं हेच अंगाशी आलं. खालच्या हवेत त्याला मोडणारं काहीच नाही. आणि तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वेल्ह्याच्या आषाढातल्या पावसातही तो धुतला जात नाही. फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी-१२ हवेत सरासरी शंभर वर्षं टिकतो, फोममधला सीएफसी-११ पन्नासेक वर्षं.

इथे शंकेखोर माणूस विचारतो आणि बरोबर विचारतो, की सीएफसी-१२ हवेपेक्षा चौपट जड, तो पंचवीस किलोमीटर वर चढेल कसा? बंद खोलीत, स्थिर हवेत, बाटलीतून सोडला तर तो खाली बसेलही. पण वातावरण घुसळलं जातं, आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीपर्यंत ही घुसळण वजनावर मात करते. वजनाप्रमाणे हवा वेगळी होत असती तर नीरेच्या खोऱ्यात कार्बन डायऑक्साइड साचून गुरं-माणसं गुदमरली असती. शिवाय हा तर्कापुरता मामला राहिलेला नाही. १९८७ आणि १९९० मध्ये हैदराबादच्या बलून केंद्रावरून मोठे फुगे उडवून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी वरची हवा कुप्यांत भरून आणली. त्या हवेत सीएफसी होता, आणि तीव्र अतिनील किरण जिथून सुरू होतात तिथून तो उंचीबरोबर कमी कमी होत गेला होता. तिथे तो फुटत होता.

फुटल्यावर क्लोरीनचा सुटा अणू बाहेर पडतो. तो ओझोनकडून एक ऑक्सिजन काढून घेतो, पुढच्या पायरीवर तो ऑक्सिजन दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनला देऊन टाकतो, आणि स्वतः मोकळा होऊन पुढच्या ओझोनकडे वळतो. असं करत एक क्लोरीन अणू निष्क्रिय होण्याआधी हजारो, अंदाजे एक लाखापर्यंत ओझोन रेणू संपवू शकतो. पॉल क्रुट्झेन यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडांबद्दल असंच चक्र १९७० मध्येच दाखवलं होतं. या तिघांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ज्वालामुखींचं काय? त्यांतूनही क्लोरीन निघतो, तो हायड्रोजन क्लोराइडच्या रूपात. हा वायू पाण्यात चटकन विरघळतो आणि उद्रेकाच्याच वाफेत-पावसात बहुतेक खाली येतो. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा वरच्या थरात क्लोरीन वाढला नाही. मात्र गंधकाचे बारीक कण पसरले आणि त्यांच्यामुळे तिथे आधीच असलेला सीएफसीचा क्लोरीन अधिक विध्वंसक झाला. दुसरा पुरावा मला जास्त ठाम वाटतो. सीएफसी फुटला की क्लोरीनबरोबर फ्लोरीनही सुटतो आणि त्याचा हायड्रोजन फ्लोराइड बनतो. इतक्या उंचीवर हा वायू पुरेशा प्रमाणात पोहोचवणारा नैसर्गिक मार्ग नाही. उपग्रहाने १९९१ पासून तिथे तो मोजला, आणि तो सीएफसीच्या हिशेबाने वाढत होता. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्रही तपासलं गेलं. त्याने ओझोन एक-दोन टक्के वर-खाली होतो, भोकाएवढा नाही.

मग सर्वांत अवघड प्रश्न. सीएफसी सोडला अमेरिका-युरोप-जपानने, म्हणजे उत्तर गोलार्धात. भोक पडलं दक्षिण ध्रुवावर. असं का? जो वायू शंभर वर्षं टिकतो तो वर्ष-दोन वर्षांत दोन्ही गोलार्धांत सारखा पसरतो, त्यामुळे कुठे सोडला याला महत्त्व उरत नाही. वर जाण्याची त्याची वाट तर उष्ण कटिबंधातूनच, आपल्यासारख्या अक्षांशांवरूनच जाते. ध्रुवावर वेगळी आहे ती थंडी. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात वरची हवा एका भोवऱ्यात कोंडली जाते आणि उणे ७८ अंशांच्या खाली जाते. अशा थंडीत स्थितांबरात, म्हणजे ओझोन असलेल्या या उंच, कोरड्या हवेतही, बर्फाचे आणि आम्लाचे कण बनून ढग तयार होतात. एरवी क्लोरीनचा बराचसा भाग निष्क्रिय संयुगांत बांधलेला असतो. या ढगांच्या कणांवर तो सुटतो. हे स्पष्टीकरण सुझन सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलं. सुटलेला क्लोरीन अंधारात थांबून राहतो आणि ऑगस्टअखेर सूर्य उगवला की ओझोनवर तुटून पडतो. उत्तर ध्रुवावर हिवाळा इतका थंड आणि भोवरा इतका घट्ट क्वचितच असतो.

१९८७ मध्ये अमेरिकेचं एक उंच उडणारं विमान चिलीच्या दक्षिण टोकावरून थेट या भोवऱ्यात शिरलं. जेम्स अँडरसन यांचं यंत्र त्यात होतं. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात दिसलं की भोवऱ्याच्या आत शिरताच क्लोरीन मोनॉक्साइड एकदम वाढतो आणि त्याच जागी ओझोन एकदम कोसळतो. एकाचा आलेख वर, दुसऱ्याचा खाली, खाचाखोचांसकट. त्याच दिवशी माँट्रियलमध्ये सीएफसीसारख्या वायूंवर बंधन घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या होत होत्या. सह्या करणाऱ्यांच्या हातात हा आलेख नव्हता. पुरेसा पुरावा आहे की नाही यावर भांडत असतानाच त्यांनी सावधगिरीच्या बाजूने निर्णय घेतला, याचं मला नेहमीच मोठं कौतुक वाटतं. उद्योगांचा विरोध कडवा होता. ड्यूपाँट कंपनीने १९७० च्या दशकात, पुरावा मिळाला तर उत्पादन थांबवू, असं जाहीर केलं आणि पुढे अनेक वर्षं पुरावा अपुरा असल्याचं म्हणत राहिली. मार्च १९८८ मध्ये तिने सीएफसी थांबवण्याची घोषणा केली.

भारताचा वाद वेगळा होता, आणि तो रास्त होता. विकसित देशांचा दरडोई वापर किलोच्या मापात असताना आपला वापर वीस ग्रॅमही नव्हता. भोक दुसऱ्यांनी पाडायचं आणि महागड्या नव्या वायूंचे पैसे आपण भरायचे, हे मान्य नाही, अशी भूमिका जून १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी मांडली. तिथे विकसनशील देशांसाठी निधी ठरला: पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर २४ कोटी. भारत जून १९९२ मध्ये करारात आला. आपले सीएफसी कारखाने बंद करण्यासाठी पुढे या निधीतून आठ कोटी डॉलरच्या घरात रक्कम मंजूर झाली. १ ऑगस्ट २००८ पासून, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसी बनवणं थांबवलं. दम्याच्या पंपांपुरती सवलत काही काळ राहिली.

कागदावरचा करार प्रत्यक्षात कसा उतरला हे पाहायचं तर भोर तालुक्यातल्या सारोळ्याहून नीरेचा पूल ओलांडून शिरवळला जावं. जिल्हा बदलतो, सातारा लागतो, पण भोर-वेल्ह्यातली कितीतरी मुलं रोज तिथल्या कारखान्यांत कामाला जातात. तिथे गोदरेजचा फ्रिजचा कारखाना आहे. १९९० च्या दशकात स्विस आणि जर्मन मदतीने 'इकोफ्रिज' नावाचा प्रकल्प भारतात झाला. प्रश्न असा होता, की सीएफसी सोडून कुठे जायचं? बहुतेक जगाने हायड्रोफ्लुओरोकार्बन निवडले, त्यांतला आर-१३४ए हा मेकॅनिक लोकांना चांगला माहीत. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपट भारी. दुसरी वाट होती साध्या हायड्रोकार्बनची: थंड करण्यासाठी आयसोब्यूटेन, म्हणजे मेकॅनिकचा आर-६००ए, आणि दारा-भिंतींतल्या फोमसाठी सायक्लोपेंटेन. गोदरेजने ही वाट धरली. २०१२ मध्ये शिरवळहूनच प्रोपेनवर चालणारे एसीही बाजारात आले.

फ्रिजमधला आयसोब्यूटेन हा स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ, त्यामुळे पेट घेतो. म्हणून कारखान्यात गळती ओळखणारी यंत्रं, वेगळं वायुवीजन, ठिणगी न पडणारी स्विचं असा सगळा सरंजाम लागतो. घरगुती फ्रिजमध्ये तो अगदी थोडा, पन्नास ग्रॅमच्या आसपास असतो. जुन्या फ्रिजमध्ये सीएफसी-१२ याच्या दोन-तीनपट लागायचा. दुरुस्तीचं तंत्रही बदललं. आर-६००ए असलेल्या फ्रिजची नळी वायू आत असताना टॉर्चने जोडता येत नाही. आधी तो मोकळ्या जागेत काढावा लागतो, मग जोड, मग व्हॅक्यूम, मग काट्यावर मोजून भरणं. भोरच्या बाजारपेठेत फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला आज कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचून काम करावं लागतं. 'गॅस भरून देतो' या तीन शब्दांमागे कोणता वायू, याला आता फार अर्थ आहे. जुन्या एसींमधल्या आर-२२ मध्ये थोडा क्लोरीन आहेच, म्हणून तो २०३० पर्यंत हटवायचा आहे. आणि मघाशी म्हटलेलं ओझोन-तापमानाचं खरं नातं इथेच आहे: सीएफसी स्वतः प्रचंड उष्णता धरणारे वायू होते, ते थांबवल्याने तापमानवाढीलाही मोठा लगाम बसला. त्यांच्या जागी आलेल्या हायड्रोफ्लुओरोकार्बनांसाठी २०१६ मध्ये किगाली इथे करारात दुरुस्ती झाली, भारताने २०२१ मध्ये ती स्वीकारली आणि २०४७ पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

मग भोक भरतंय का? भरतंय, पण सावकाश. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार १९८० ची पातळी बहुतेक जगावर २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परत येईल. इतका उशीर का, याचं उत्तर त्या शंभर वर्षांच्या आयुष्यात आहे. १९८० मध्ये भोरमध्ये गळालेल्या फ्रिजचा निम्म्याहून अधिक वायू आजही हवेत आहे. शिवाय जुन्या फोममध्ये अडकलेला सीएफसी-११ फ्रिज भंगारात फुटला की थोडा थोडा सुटतो. आणि भोकाचा आकार दरवर्षी ठरतो तो त्या हिवाळ्याच्या थंडीवर. २०१९ मध्ये अंटार्क्टिकाच्या वरची हवा अचानक तापली, भोक फार लहान राहिलं. त्यानंतर २०२० ते २०२३ ते पुन्हा मोठं झालं, आणि 'करार फसला' असं म्हणणाऱ्यांना निमित्त मिळालं. २०२४ मध्ये ते परत लहान होतं. एका वर्षाच्या पावसावरून भाटघर धरणाच्या शंभर वर्षांचा हिशेब कुणी मांडत नाही; इथेही क्लोरीनची घसरण दशकांत पाहावी लागते.

लॉकडाऊनची गोष्टही अशीच. २०२० च्या मार्चमध्ये उत्तर ध्रुवावर एक दुर्मीळ, मोठं भोक पडलं, कारण त्या वर्षी तिथला भोवरा फार थंड होता. एप्रिलच्या शेवटी भोवरा मोडला, बाजूची ओझोनयुक्त हवा आत आली, भोक बुजलं. गाड्या बंद असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मोबाइलवर मात्र हीच बातमी लॉकडाऊनचं फळ म्हणून फिरली.

फसवणूकही झाली. २०१८ मध्ये दिसलं की सीएफसी-११ अपेक्षेप्रमाणे घटत नाही. पूर्व चीनमधून, फोमसाठी चोरून केलेल्या उत्पादनातून तो येत असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, आणि काही वर्षांत ते उत्सर्जन परत खाली आलं. मोजणारी यंत्रं नसती तर हे कधीच कळलं नसतं. आपल्या अक्षांशांबद्दलही एक वाद २०२२ मध्ये उठला. कॅनडातल्या एका संशोधकाने उष्ण कटिबंधावर मोठं, बारमाही भोक असल्याचा दावा केला. या क्षेत्रातल्या इतर शास्त्रज्ञांनी तो फेटाळला: टक्केवारीचा हिशेब ज्या मूळ पातळीशी केला तीच चुकीची होती, आणि इथल्या एकूण साठ्यात मापांना तशी घट दिसत नाही. आपल्या डोक्यावर भोक नाही. खरी आणि अजून न मिटलेली चर्चा आहे ती स्थितांबराच्या खालच्या भागाची. तिथे ओझोन अपेक्षेइतका सावरत नाही, आणि हवामान बदलामुळे हवा वर चढण्याचा वेग वाढतो आहे हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं.

आणखी एक गोंधळ. तुळस किंवा पिंपळ ओझोन सोडतो म्हणून अंगणात लावा, असा निरोप दरवर्षी फिरतो. तुळस लावायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत, पण ओझोन ती सोडत नाही, आणि सोडत नाही हे बरंच आहे. जमिनीजवळचा ओझोन विषारी असतो. वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की तो बनतो, आणि वाऱ्याबरोबर शहराबाहेर पसरतो. डोंगरातले वणवेही त्यात भर घालतात. पानांच्या रंध्रांतून तो आत शिरतो आणि पान अकाली पिकतं. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला, की २००५ या एका वर्षात या ओझोनमुळे भारताचं सुमारे ३५ लाख टन गव्हाचं आणि २१ लाख टन भाताचं नुकसान झालं. वर हवा, खाली नको: रेणू एकच, जागा वेगळी.

भाताचा विषय निघाला म्हणून शेवटचा मुद्दा, जो या दोन तालुक्यांच्या थेट शेतातला आहे. सीएफसी थांबल्यानंतर आज माणसाच्या हातून सुटणाऱ्या वायूंत ओझोनला सर्वाधिक घातक कोणता, याचं उत्तर २००९ मध्ये ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी दिलं: नायट्रस ऑक्साइड. हा वायू मुख्यतः शेतजमिनीतून येतो. युरिया फेकला की पीक त्यातला थोडाच भाग उचलतं. उरलेल्यावर मातीतले जिवाणू काम करतात आणि त्यातला काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तोही शंभरेक वर्षं टिकतो, वर जातो, आणि क्रुट्झेन यांनी सांगितलेलं चक्र तिथे चालवतो. खाचरात पाणी उभं असताना तो कमी सुटतो. खाचर सुकून पुन्हा भरतं तेव्हा जास्त.

भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या भात पट्ट्यात कृषी खात्याने वर्षानुवर्षं सांगितलेली चारसूत्री पद्धत इथे आठवते. डॉ. नारायण सावंत यांनी ती बसवली. त्यातलं एक सूत्र म्हणजे युरिया-डीएपीची ब्रिकेट: नियंत्रित अंतरावर लावलेल्या चार चुडांच्या मध्ये एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल, चिखलात खोचायची. सावंतांचा हेतू ओझोन नव्हता. शेतकऱ्याचं खत पाण्याबरोबर वाहून जाऊ नये, कमी खतात जास्त भात यावा, हा होता. पण खोल चिखलात नत्र अमोनियमच्या रूपात धरून राहतो, रोपाच्या मुळांना हळूहळू मिळतो, आणि हवेत उडणारा भाग घटतो. खोल दिलेल्या युरियावर बांगलादेशात झालेल्या मोजण्यांतही हे दिसलं आहे. अडचण मजुरीची आहे. पावसात वाकून एकेक गोळी खोचायला माणसं मिळत नाहीत आणि फेकून दिलेला युरिया स्वस्त पडतो, म्हणून कित्येक ठिकाणी ही पद्धत मागे पडली. गोळी खोचणारं हलकं अवजार प्रत्येक गावाला परवडेल असं मिळालं, तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल, गुंजवणी-वेळवंडी नद्यांच्या पाण्यात जाणारं खत घटेल आणि वरचा ओझोनही राहील.

माँट्रियल कराराच्या यादीत नायट्रस ऑक्साइड अजून नाही. सीएफसी बनवणारे कारखाने मोजता येण्याइतके होते आणि प्रत्येकाला पर्याय देता आला. युरिया टाकणारी खाचरं कोट्यवधी आहेत आणि त्यांच्यावर लोकांचं जेवण अवलंबून आहे. त्याला यादीत घ्यावं की हवामान करारांवर सोपवावं, यावर तज्ज्ञांची चर्चा चालू आहे. लंडनमध्ये १९९० साली विचारलेला प्रश्न, खर्च कुणी उचलायचा, तो या चर्चेत पुन्हा पहिलाच येतो.